ग्रेस हॉपर: नऊ वाक्यांची चरित्रनोंद, त्यातली धड किती?

टाचणवही

ग्रेस हॉपर यांच्यावर एक चरित्रनोंद लिहायची आहे. त्यांच्याबद्दलचे जे तयार मजकूर फिरतात, त्यांत त्याच त्या चुका एकमेकांवरून उतरवलेल्या दिसतात. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करू या. खालचा परिच्छेद मी मुद्दाम अशा फिरत्या वाक्यांचाच जुळवला आहे. एकेक वाक्य धरून सोलून काढा. फक्त ‘चूक आहे’ म्हणू नका, त्याजागी काय लिहायचं तेही सांगा.

> ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पती विन्सेंट हॉपर दुसऱ्या महायुद्धात मारले गेल्यावर त्या नौदलात भरती झाल्या. हार्वर्डमध्ये जगातल्या पहिल्या संगणकासाठी त्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला. ९ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांना यंत्रात पतंग सापडला आणि त्यावरून ‘बग’ हा शब्द जन्माला आला. १९५२ मध्ये त्यांनी जगातला पहिला कंपायलर लिहिला. १९५९ मध्ये त्यांनी कोबोल ही भाषा तयार केली. अमेरिकी नौदलाच्या पहिल्या महिला ॲडमिरल म्हणून १९८६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

जुनाटयंत्र

पहिलं आणि शेवटचं वाक्य ठीक. मधली सातही कुठे ना कुठे लंगडी आहेत.

येलपासून घेतो. शार्लट बार्नम यांना येलने गणितातली पीएच.डी. १८९५ मध्येच दिली, म्हणजे हॉपर यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. ‘पहिली’ हा शब्द खोडला तरी नोंदीचं काही बिघडत नाही, कारण खरा तपशील पुरेसा भारी आहे: व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, येलमधून १९३० मध्ये एम.ए. आणि १९३४ मध्ये पीएच.डी., मार्गदर्शक ऑयस्टाइन ओरे. शिवाय १९३१ पासून त्या व्हासारमध्ये शिकवत होत्या. ‘शिक्षण संपवून नोकरी धरली’ असा सरधोपट क्रम लावला की हे वर्ष हमखास चुकतं.

शंकासुर

नावाचं काय करायचं? काही ठिकाणी ‘ग्रेस ब्रूस्टर’, काही ठिकाणी ‘ग्रेस मरे’, मध्येच ‘ग्रेस हॉपर’.

मात्रावेलांटी

पूर्ण नाव ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर. ब्रूस्टर हे मधलं नाव आहे, आडनाव नाही. मरे हे माहेरचं आडनाव. लग्न १९३० मध्ये झालं. म्हणजे व्हासारच्या पदवीचं वाक्य ‘ग्रेस मरे’ या नावाने आणि १९३४ च्या पीएच.डी.चं ‘हॉपर’ या नावाने यायला हवं. घटस्फोटानंतरही त्यांनी हॉपर हेच आडनाव ठेवलं, त्यामुळे १९४५ नंतर पुन्हा ‘मरे’वर जाऊ नये.

आणि एक विनंती. पहिल्या परिच्छेदात ‘ग्रेस’ आणि पुरुष सहकाऱ्यांना मात्र ‘एकन’, ‘मॉक्ली’ असं करू नका. आडनाव तर सगळ्यांनाच आडनाव.

नांगरदोर

घटस्फोटाचा उल्लेख आलाच आहे तर ‘पती मारले गेले’ हे वाक्य तिथेच निकालात निघतं. विन्सेंट फॉस्टर हॉपर हे न्यूयॉर्क विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक होते. दोघे १९४५ मध्ये विभक्त झाले. ते युद्धात मारले गेले नाहीत. १९४५ हे साल, युद्ध आणि नौदल या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या आणि कुणीतरी त्यांची विधवा करून टाकली. क्रम पाहिला तरी वाक्य उभं राहत नाही: नौदलाच्या राखीव दलात त्या डिसेंबर १९४३ मध्ये दाखल झाल्या, घटस्फोट त्यानंतरचा.

भरतीबद्दलचे खात्रीचे तपशील असे. वय ३७, म्हणजे भरतीसाठी जास्त. वजन १०५ पौंड, नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी. सवलत घेऊन प्रवेश मिळाला. इथे आकडे किलोत फिरवताना लोक घसरतात. १०५ पौंड म्हणजे ४७.६ किलो. ‘वजन १५ किलोने कमी होतं’ असं लिहिलेलं दिसलं तर एकक बदलताना आकडा तसाच राहिला आहे असं समजा. ती तूट जेमतेम पावणेसात किलोंची होती.

प्रशिक्षण नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजातल्या नौदल शाळेत. जून १९४४ मध्ये लेफ्टनंट, कनिष्ठ श्रेणी. नुसतं ‘लेफ्टनंट’ लिहिलं तर एक पायरी वरची होते. २ जुलै १९४४ रोजी त्या हार्वर्डला संगणन प्रयोगशाळेचे प्रमुख हॉवर्ड एकन यांच्यापुढे हजर झाल्या.

छिद्रपट्टी

आता यंत्र. हार्वर्डच्या त्या यंत्राला, म्हणजे मार्क-१ ला, ‘जगातला पहिला संगणक’ म्हणू नका. बर्लिनमध्ये कोनराड त्सूझ यांचा झेड-३ १९४१ मध्येच चालला होता. मार्क-१ इलेक्ट्रॉनिकही नव्हता. त्यात रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) होते, आकड्यांची चाकं होती, आणि एका लांब दांड्यावरून फिरणारी यांत्रिक गती होती. योग्य शब्द विद्युत-यांत्रिक. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. २३ अंकी दशमान संख्या साठवणारे ७२ संचयक. एका गुणाकाराला साधारण ६ सेकंद लागत.

या यंत्राला दोन नावं आहेत. आयबीएमने बांधलं म्हणून त्यांचं नाव ‘ऑटोमॅटिक सीक्वेन्स कंट्रोल्ड कॅल्क्युलेटर’, हार्वर्डचं नाव मार्क-१. एका लेखात दोन्ही आली की वाचकाला दोन यंत्रं वाटतात. एकदा सांगा आणि पुढे एकच वापरा.

‘पहिला प्रोग्राम’ हेही नाही. मार्क-१ वर रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्बेल आधीपासून काम करत होते. हॉपर तिसऱ्या. आल्या आल्या त्यांना मिळालेलं काम होतं आर्कटँजेंटच्या श्रेणीचे सहगुणक काढण्याचं. प्रोग्राम म्हणजे कागदी पट्टीवर पाडलेली भोकं. ‘संगणकात टाइप केला’ असं लिहाल तर चित्र पार बदलतं.

त्यांचं खरं मोठं काम पहिल्या प्रोग्रामपेक्षा मार्क-१ च्या हस्तपुस्तिकेत आहे. १९४६ मध्ये छापली, ५६१ पानं. मुखपृष्ठावर लेखक म्हणून संगणन प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे, एका व्यक्तीचा नाही. त्यामुळे ‘हॉपर यांच्या नावे प्रसिद्ध’ असं लिहिता येत नाही. ‘मोठा भाग हॉपर यांनी लिहिला’ असं लिहिता येतं.

शंकासुर

आता पतंगाकडे या. मी वाट बघतोय.

जुनाटयंत्र

आलोच. या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि त्यातली एक खुद्द हॉपरबाईंकडून आलेली आहे.

साल आधी. यंत्राच्या नोंदवहीत ज्या पानावर हा प्रसंग आहे, तिथे वर फक्त ‘९/९’ लिहिलंय. साल नाही. (महिना आधी की दिवस, हा अमेरिकी घोळ इथे नशिबाने होत नाही.) १९४५ हे साल आलं कुठून? हॉपर यांनी हा किस्सा भाषणांतून नि लेखातून सांगताना १९४५ च्या उन्हाळ्यातला म्हणून सांगितला. मूळ व्यक्तीच सांगते म्हटल्यावर कोण तपासणार? पण नोंदवही आहे मार्क-२ या पुढच्या यंत्राची. १९४५ च्या सप्टेंबरात मार्क-२ बांधून तयारच नव्हता. तो १९४७ मध्ये हार्वर्डमध्ये चाचणीवर होता आणि नंतर व्हर्जिनियातल्या डालग्रेनला नौदलाच्या तळावर गेला. म्हणून साल १९४७. नोंदवही सांभाळणारं स्मिथसोनियनचं वॉशिंग्टनमधलं अमेरिकी इतिहासाचं संग्रहालयही १९४७ च धरतं.

आठवणीतली तारीख आणि यंत्राच्या अस्तित्वाचा काळ भांडत असतील तर यंत्राचं ऐकायचं. माणूस दोन वर्षं इकडेतिकडे करतो, टनावारी वजनाचं कपाट करत नाही.

छिद्रपट्टी

वार काढून बघितला तर ९ सप्टेंबर १९४५ ला रविवार येतो, १९४७ ला मंगळवार. १९४५ खोडायला हा चांगला पुरावा नाही का?

जुनाटयंत्र

नाही. उलट या पुराव्यापासून सावध राहा. युद्धकाळात हार्वर्डचं यंत्र दिवसरात्र चालायचं, तिथे रविवारचं कौतुक नव्हतं. वार जुळला तर पुष्टी, नाही जुळला तर फक्त शंका. निकाल लागतो तो मार्क-२ च्या वेळापत्रकावरून.

पुढे. ‘त्यांना सापडला’ हे चूक. सापडला तो यंत्र चालवणाऱ्यांना. हॉपर तेव्हा तिथे नव्हत्या. त्यांनी किस्सा इतक्या रंगवून आणि इतक्या वेळा सांगितला की तो त्यांच्याच नावावर चढला. मराठीत इथे एक सोय आहे: ‘पतंग सापडला’ एवढंच लिहिलं की कर्ता लपतो. पण लपवू नका, ‘परिचालकांना सापडला’ असं सरळ लिहा.

नोंद अशी: १५:२५ ला मल्टी-ॲडरची चाचणी सुरू, १५:४५ ला पॅनेल एफमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत पतंग. तो पानावर चिकटपट्टीने चिकटवलेला आहे आणि खाली लिहिलंय की बग सापडल्याची ही पहिलीच प्रत्यक्ष घटना. रिलेच्या दोन संपर्कपट्ट्यांच्या मध्ये किडा अडकला की त्या टेकत नाहीत, मंडल पूर्ण होत नाही आणि आकडा चुकतो. गूढ काही नाही.

आता त्या ओळीतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द बघा. दोषासाठी ‘बग’, म्हणजे इंग्रजीत किडा, हा शब्द आधी नसता तर हा विनोदच झाला नसता. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणणं एडिसन यांच्या १८७८ च्या पत्रात सापडतं. तेव्हा ‘शब्द जन्माला आला’ हे जायलाच हवं. ‘आधीपासून रुळलेल्या शब्दाला एक खराखुरा किडा मिळाला’ एवढंच म्हणता येतं.

मात्रावेलांटी

‘पतंग’ या शब्दाचं काहीतरी करा बुवा. ‘यंत्रात पतंग अडकला’ वाचून निम्म्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कागद आणि मांजा येतो. पहिल्यांदा ‘पतंग हा किडा’ असं लिहा, पुढे नुसतं पतंग चालेल. ‘फुलपाखरू’ नको, तो वेगळा प्राणी. ‘ढेकूण’ तर मुळीच नको, शब्दकोशातून ‘बग’चा अर्थ काढला की हा अपघात होतो.

नांगरदोर

त्याच वाक्याला जोडून: १९४७ मधल्या हॉपर यांना ‘नौदल अधिकारी’ म्हणताना जरा जपून. १९४६ मध्ये त्यांची सक्रिय सेवा संपली होती, त्या राखीव दलात होत्या आणि हार्वर्डमध्ये संशोधक म्हणून राहिल्या होत्या. ‘राखीव दलातल्या अधिकारी’ बरोबर.

टाचणवही

पतंगाचं वाक्य तीन वाक्यांचं होणार असं दिसतंय. होऊ दे. कंपायलरवाले कुठे आहेत?

कोबोलकर

इथेच. आधी नोकरी नीट लावू. १९४९ मध्ये त्या संगणक बनवणाऱ्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. ती कंपनी रेमिंग्टन रँडने १९५० मध्ये विकत घेतली. १९५५ मध्ये त्याची स्पेरी रँड झाली. हॉपर त्याच कामावर होत्या, पाटी बदलत गेली. ‘१९४९ मध्ये रेमिंग्टन रँडमध्ये रुजू’ ही चूक फार दिसते. नियम सोपा: ज्या वर्षाचं वाक्य, त्या वर्षाची पाटी.

कंपायलर ए-० हा १९५१-५२ या काळातला, त्यांच्या युनिव्हॅक-१ या संगणकासाठी. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत हॉपर यांनी त्यामागची कल्पना मांडणारा निबंध वाचला. ‘कंपायलर’ म्हणजे आज माणसाने लिहिलेल्या आज्ञांचा यंत्रसंकेत बनवणारा प्रोग्राम. हा शब्द त्यांनी वापरला, पण ए-० करत काय होता ते पाहिलं पाहिजे. तपासून ठेवलेले छोटे उपप्रोग्राम चुंबकीय फितीवर असत, प्रत्येकाला एक क्रमांक. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक आणि कुठली संख्या कुठून घ्यायची ते द्यायचं. ए-० ते तुकडे फितीवरून उचलायचा, त्यांचे पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलायचा आणि सलग प्रोग्राम तयार करून द्यायचा. आजच्या भाषेत हे काम लिंकर आणि लोडरचं, म्हणजे तुकडे जोडून ते स्मृतीत चढवणाऱ्या प्रोग्रामांचं. सूत्रासारखं लिहिलेलं वाक्य घेऊन त्याचा यंत्रसंकेत बनवणं ए-० करत नव्हता.

ते करणारा ॲलिक ग्लेनी यांचा ऑटोकोड मँचेस्टरला १९५२ मध्येच झाला. आयबीएमचा फोरट्रान या भाषेचा कंपायलर १९५७ मध्ये आला. म्हणून ‘पहिला कंपायलर’ ही पदवी कुणाला द्यायची हे व्याख्येवर अवलंबून आहे, आणि चरित्रनोंदीत व्याख्येचं भांडण सोडवायला जागा नसते. लिहा: ‘त्यांनी ए-० तयार केला. कंपायलर हे नाव मिळालेल्या सर्वांत आधीच्या प्रणालींपैकी ती एक.’

शंकासुर

हे म्हणजे बाईंचं श्रेय कापणं झालं नाही का? दर वाक्यातून काहीतरी काढतोच आहोत आपण.

कोबोलकर

जागा बदलतोय, काढत नाही. त्यांचं खरं वेगळेपण फ्लो-मॅटिकमध्ये आहे आणि ते तुमच्या मसुद्यात आलेलंच नाही! बी-० या नावाने सुरू झालेली ही भाषा युनिव्हॅकवर व्यापारी हिशोबासाठी होती आणि तिच्या आज्ञा इंग्रजी शब्दांत होत्या: ‘तुलना कर’, ‘हलव’, ‘वाच’ अशा अर्थाच्या. हिशोबनीसाला चिन्हं नकोत, शब्द हवेत, ही भूमिका त्यांनी १९५० च्या दशकात लावून धरली. आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांत दिल्या तरी यंत्राला काही फरक पडत नाही हेही त्यांनी करून दाखवलं, आणि त्या स्वतः सांगत त्याप्रमाणे वरिष्ठ त्यानेच दचकले. ए-० वर ‘पहिला’ची चिठ्ठी डकवून हे गाळणं हाच खरा अन्याय.

आता कोबोल. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छोटी बैठक झाली. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशा एका व्यापारी प्रोग्रामिंग भाषेची मागणी बरोज कंपनीच्या मेरी हॉस यांनी लावून धरली होती. २८ आणि २९ मे १९५९ ला पेंटागॉनमध्ये मोठी बैठक, तिथून कोडासिल ही समिती उभी राहिली. भाषेचा आराखडा केला तो अल्पमुदतीच्या समितीने, अध्यक्ष जोसेफ वेगस्टीन. शेवटचा मसुदा सहा जणांच्या गटाने बसवला आणि त्यात जीन सॅमेट होत्या. हॉपर त्या सहांत नाहीत, अल्पमुदतीच्या समितीतही नाहीत. त्या कार्यकारी समितीच्या तांत्रिक सल्लागार. मात्र समितीपुढे जो मुख्य नमुना होता तो फ्लो-मॅटिक. सॅमेट यांनी नंतर हॉपर यांना कोबोलची निर्माती म्हणण्याला स्पष्ट हरकत घेतली होती.

क्रियापद ‘तयार केली’ नको. ‘कोबोल मुख्यतः हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकवर बेतली गेली’ असं हवं. साल १९५९ लिहायचं असेल तर ‘काम सुरू झालं’ म्हणा. तपशीलपत्र १९६० मध्ये छापलं गेलं. त्या डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्राम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक-२ या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला, आणि माझ्या मते तेच साल जास्त महत्त्वाचं.

नांगरदोर

हुद्द्यांचं वाक्य माझ्याकडे. अमेरिकी नौदलातल्या पहिल्या महिला रिअर ॲडमिरल अलीन ड्यूर्क, १९७२. त्या परिचारिका दलाच्या होत्या म्हणून त्यांना गाळलं जातं की काय कोण जाणे, पण पहिल्या त्याच.

हॉपर यांचा क्रम असा. १९६६ अखेर कमांडर म्हणून निवृत्त. ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं आणि ते सहा महिने काही संपेनात. काम होतं नौदलातल्या कोबोलचं प्रमाणीकरण. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्त, १९७२ मध्ये पुन्हा बोलावणं. १९७३ मध्ये कॅप्टन. डिसेंबर १९८३ मध्ये कमोडोर. नोव्हेंबर १९८५ मध्ये कमोडोर या हुद्द्याचं नावच बदलून रिअर ॲडमिरल, खालची श्रेणी असं झालं. म्हणजे ‘१९८५ मध्ये बढती’ हेही चूक, बढती झालीच नाही, पाटी बदलली (कोबोलकर, तुमच्या कंपनीसारखीच). १४ ऑगस्ट १९८६ ला बॉस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर निरोप. वय ७९. ‘ऐंशीव्या वर्षी’ म्हटलं तर मराठीत चालतं, कारण ऐंशीवं वर्ष सुरू होतं. ‘८० वर्षांच्या असताना’ चालत नाही.

निवृत्त होऊन घरी बसल्या नाहीत. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार. निधन व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये, दफन तिथल्याच राष्ट्रीय दफनभूमीत. ठिकाण आणि दफनभूमी एकाच नावाची असल्याने दोन वाक्यांचं एक होतं, ते तपासा.

अवांतर: त्यांच्या नावाच्या विनाशिकेचा क्रमांक डीडीजी-७०. रिलेचाही ७०. निव्वळ योगायोग, लेखात घेऊ नका, कुणीतरी लगेच कारण शोधेल.

छिद्रपट्टी

नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) केवढा ते दाखवायला हॉपर भाषणात जी तार दाखवत, ती घेणार असाल तर लांबी ‘एक फूट’ लिहू नका. ११.८ इंच, म्हणजे ३० सेंटीमीटरला किंचित कमी. प्रकाश निर्वात पोकळीत एका नॅनोसेकंदात कापतो ते हे अंतर. ‘वीज तारेतून एका नॅनोसेकंदात एवढी जाते’ असं लिहिलं तर चूक, तारेत संकेत त्याहून हळू जातो. तार हा फक्त मापाचा तुकडा. मायक्रोसेकंदासाठी त्या तारेचं वेटोळं दाखवत, ते ९८४ फुटांचं.

पुरस्कारांत एक सापळा आहे. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा ‘ग्रेस मरे हॉपर पुरस्कार’ त्यांच्या हयातीतच, १९७१ पासून, तरुण संगणकतज्ज्ञांना मिळू लागला. पहिले मानकरी डोनाल्ड क्नूथ. तो हॉपर यांना मिळालेला पुरस्कार नाही. ट्युरिंग पुरस्कारही त्यांना मिळालेला नाही. मिळालेले: राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक १९९१, आणि अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक २०१६ मध्ये, मरणोत्तर. ‘मरणोत्तर’ गाळू नका.

मात्रावेलांटी

आणि ‘जहाज बंदरात सुरक्षित असतं, पण जहाजं त्यासाठी बांधत नाहीत’ हे सुभाषित त्यांच्या तोंडी घालू नका. त्या ते वापरत, पण जॉन शेड यांच्या नावाने ते १९२८ मध्येच छापलेलं आहे.

टाचणवही

सगळं घेऊन मधला भाग पुन्हा लिहिला आहे. शेवटची नजर टाका.

> हॉपर डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि जुलै १९४४ पासून हार्वर्डच्या मार्क-१ या विद्युत-यांत्रिक गणकयंत्रावर काम करू लागल्या. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-२ च्या एका रिलेत परिचालकांना पतंग हा किडा सापडला. तो नोंदवहीत चिकटवला गेला. ‘बग’ हा शब्द त्याआधीपासून वापरात होता, हॉपर यांनी हा प्रसंग पुढे सर्वदूर सांगितला. १९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. तिथे ए-० ही प्रणाली आणि नंतर इंग्रजी शब्दांच्या आज्ञा घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली. कोबोल मुख्यतः फ्लो-मॅटिकवर बेतली गेली. १९८३ मध्ये त्या रिअर ॲडमिरल झाल्या.

नांगरदोर

शेवटच्या वाक्यात कमोडोर.

कोबोलकर

आणि ‘तिथे’ काढा. फ्लो-मॅटिकच्या वेळी एकर्ट-मॉक्लीची पाटी उतरलेली होती.

टाचणवही

दोन्ही बदलले.